पाऊण मापाचं घर

१

त्यांना सगळे पाऊणशेठ म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या हातानं कमावलं होतं. एका बांधकाम कंपनीच्या सॅम्पल फ्लॅटची सजावट त्यांच्याकडे होती. खरी इमारत अजून चौथ्या मजल्याच्या खांबांवर अडकलेली, म्हणून तिच्या शेजारी पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये हॉल, स्वयंपाकघर आणि दोन बेडरूम असं एक घर उभं केलं होतं. बघायला येणाऱ्याला ते ऐसपैस वाटायला हवं होतं, आणि खोल्या तर होत्या तेवढ्याच होत्या. म्हणून पाऊणशेठ सामान पाऊण मापाचं करत. पलंग पाच फुटी. सोफ्यावर खरंच कुणी बसलं तर गुडघे छातीशी येतील. कपाट वीतभर खोल. दारांच्या बुटक्या चौकटी होत्या पण दारं नव्हती, कारण दार उघडायला जागा लागते. गिऱ्हाईक आत यायचं, "वा, मोठा आहे हो हॉल," म्हणायचं, आणि पाऊणशेठ कोपऱ्यात उभे राहून गालातल्या गालात हसायचे.

आपण कुणाला फसवतो असं त्यांना कधी वाटलं नाही. भाजीवाला भाजीवर पाणी मारतो ना, मग आपण काय वेगळं करतो, असं ते म्हणत. घरी बायको होती, सात वर्षांची बिट्टी होती, आणि त्या दोघींपलीकडे त्यांना जग असं फारसं नव्हतंच. मित्र मागे पडले होते. छंद म्हणावा तर टेपनं चीजवस्तू मोजणं.

सकाळचा क्रम ठरलेला होता. नऊला कुलूप काढायचं. खिडक्यांमागचे दिवे लावायचे. खिडक्यांबाहेर खरं तर शेडचा पत्राच होता, पण काचांवर तळ्याचं चित्र चिकटवलेलं होतं, आणि मागे दिवा लागला की तळ्यावर सकाळ व्हायची. पुठ्ठ्याचा टीव्ही पुसायचा. मेणाची सफरचंदं फिरवून धूळ बघायची. ताज्या कॉफीचा वास डब्यातून फवारायचा. बाथरूममधला नळ चकचकीत करायचा, ज्याला पाइप जोडलेलाच नव्हता. मग बाहेर जाऊन, पुन्हा गिऱ्हाइकासारखं आत यायचं आणि डोळ्याला काय खुपतंय ते शोधायचं.

खुपलं ते दुसऱ्याच कुणाला. हॉलमधल्या फ्रेममध्ये एक हसरं कुटुंब होतं, फोटोंच्या कंपनीकडून आणलेलं. एक आजोबा फ्लॅट बघायला आले, फ्रेमसमोर थांबले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हे लोक समोरच्या स्कीममध्येपण राहतात की. काल तिकडे भेटले."

लोक हसले. मार्केटिंगच्या मॅडम हसल्या नाहीत. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. "उद्यापर्यंत दुसरं कुटुंब पाहिजे," त्या म्हणाल्या, पडदे बदलायला सांगावं इतक्या सहज.

पाऊणशेठनी स्वतःच्या फोनमधला फोटो दिला. सहलीला गेले होते तेव्हाचा, ते, बायको आणि बिट्टी. बायकोला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. घरचाच तर फोटो होता.

२

मॅडमनी फोटो पडद्यावर मोठा केला. "वहिनी छान आहेत. मुलगी तर लाखात एक. तुम्ही मात्र, राग मानू नका हं, दमलेले दिसता."

"दमलेलाच होतो. सुट्टीचा दिवस होता."

"घर घेणाऱ्याला दमलेला बाप दाखवून कसं चालेल?"

दोन तासांत पाऊणशेठच्या जागी दुसरा माणूस आला. संगणकावर बनवलेला, कुणाच्या पोटी न जन्मलेला. चाळिशीचा, कानांपाशी थोडे पिकलेले केस, आणि हसू असं की आत्ताच काहीतरी चांगलं कळलंय. बिट्टीच्या खांद्यावर पाऊणशेठचा हात होता, तिथे आता त्याचा होता. पाऊणशेठनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि घरी जाऊन फोटो दाखवला.

"बरा आहे की," बायको म्हणाली. "निदान हसतो तरी."

"बाबा, हा कोण?" बिट्टीनं विचारलं.

"कुणी नाही गं. चित्र आहे."

"मग त्यानं माझ्या खांद्यावर हात का ठेवलाय?"

पाऊणशेठनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि विषय संपला.

पंधरा दिवसांत तो फोटो चौकातल्या मोठ्या बोर्डावर चढला. आणि चौकशी करून गेलेल्या प्रत्येकाच्या फोनवर रोज सकाळी त्या कुटुंबाकडून एक मेसेज जाऊ लागला. 'आज आम्ही नव्या घरात झाडं लावली.' 'आज आईनं पडदे निवडले, बाबांना ते आवडले नाहीत, पण ते काही बोलले नाहीत.' अशी दोन-दोन ओळींची खुशाली. पाऊणशेठनी गंमत म्हणून बायकोचा नंबरही यादीत घालून दिला. ती सकाळी ओट्याशी उभी राहून मेसेज मोठ्यानं वाचायची आणि हसायची.

मग ती मनातल्या मनात वाचू लागली. हे पाऊणशेठच्या लक्षात आलं होतं, पण त्यात काय एवढं, असं त्यांना वाटलं.

३

एका मंगळवारी सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूममधला साबण ओला होता.

तो शोभेचा साबण होता, फिकट निळा, शिंपल्याच्या आकाराचा, कधी न वापरलेला. पाऊणशेठनी बोट लावलं. बोटाला फेस आला. त्यांनी नळाखाली हात घालून बघितलं. भिंतीतून नळ आला होता आणि भिंतीमागे काहीच नव्हतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण ती प्लायवूडची भिंत त्यांनीच ठोकली होती. तरी ते शेडच्या मागच्या बाजूला गेले आणि वाकून बघून आले. खिळ्यांची टोकं आणि कोळ्याचं जाळं.

त्यांनी वॉचमनला विचारलं. वॉचमन उन्हात खुर्ची टाकून बसला होता.

"आत कोण गेलं होतं का?"

"मी नाही जात बुवा आत. गुदमरल्यासारखं होतं. आणि तिथे माणसं असताना मी कशाला जाऊ?"

"कुठली माणसं?"

वॉचमननं त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "गिऱ्हाइकं हो. येतात ना."

बरोबरच होतं. एखाद्या गिऱ्हाइकानं बाटलीतलं पाणी ओतून हात धुतले असतील. काही लोकांना पाचपोच नसतो. पाऊणशेठनी साबण फडक्यानं कोरडा केला आणि पुन्हा जागेवर ठेवला. ठेवताना त्यांना त्यावर एक केस चिकटलेला दिसला, बोटभर लांबीचा, अर्धा काळा आणि अर्धा पिकलेला. तो त्यांनी फुंकून उडवला आणि पुढच्या कामाला लागले.

४

त्याच आठवड्यात ते संध्याकाळी घरी आले तर बिट्टीचा गुडघा फुटलेला होता. वर औषध लावून पट्टी बांधली होती आणि ती सोफ्यावर राणीसारखी पाय लांब करून बसली होती.

"हे काय केलंस?"

"सायकल शिकले ना मी," बिट्टी म्हणाली. "दोनदा पडले. मग तू मागनं सोडून दिलंस आणि मला कळलंच नाही."

पाऊणशेठ हसले. "मी? मी तर आत्ता येतोय."

बिट्टीनं आईकडे बघितलं. तिची आई भाजी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, असं काय करताय? दुपारी नाही का घेऊन गेलात तिला मैदानावर? मीच म्हटलं, उन्हात कशाला."

"मी साइटवर होतो. दिवसभर."

"बरं बाई," बायको म्हणाली. मुलांच्या हट्टापुढे आपण म्हणतो ना, त्या आवाजात.

पाऊणशेठनी तिचा फोन उचलला. सकाळी आठ वाजता मेसेज आलेला होता. 'आज बाबा सायकल शिकवणार आहेत. गुडघे फुटणार, पण त्याशिवाय मजा नाही.' खाली एक फोटो होता. मैदान, सायकल, सायकलवर पाठमोरी मुलगी, आणि सीटला धरून वाकलेल्या माणसाचा खांदा.

फोटो बनवता येतात. पाऊणशेठ त्याच धंद्यातले, त्यांना हे कुणी सांगायला नको होतं. मेसेज वाचून बिट्टीनं हट्ट केला असेल, शेजारच्या कुणीतरी तिला धरलं असेल, आणि आता मायलेकी मिळून आपली फिरकी घेतायत. एवढं सगळं नीट जुळत होतं. त्यांनी बिट्टीची पट्टी जरा उचलून बघितली. जखम खरी होती, कडेला बारीक खडे अडकलेले होते. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ते हात धुवायला गेले.

५

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"फोटो काढून टाका," ते म्हणाले. "दुसरं कुटुंब घ्या. घरात जरा विचित्र होतंय."

"काय होतंय?"

हे सांगणं अवघड होतं. सांगायला लागलं की हास्यास्पद वाटत होतं. "मेसेज बंद करा निदान. कोण लिहितं ते?"

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे काय? तुम्हीच पाठवताय ना?"

"मी?"

"पहिले पंधरा दिवस आमच्या ऑफिसातल्या मुलींनी लिहिले. नंतर आम्ही बघितलं तर मेसेज आपले जातच होते, आणि आमच्यापेक्षा कितीतरी चांगले. आम्हाला वाटलं, शेठ लिहितायत. घरातल्या गोष्टी दुसऱ्या कुणाला माहीत असणार?" त्यांनी फोन पुढे केला. "हे बघा ना. लोक अक्षरशः रडतात हे वाचून."

'बिट्टीची आई झोपेत पाय घासते. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला त्यानं जाग यायची. आता तो आवाज आला नाही तर जाग येते.'

पाऊणशेठनी ते दोनदा वाचलं. ही गोष्ट त्यांनी जगात कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. सांगायची राहून गेली होती.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. का म्हणाले ते त्यांना कळलं नाही.

"मग? उगीच डोक्यात काही घेऊ नका. बुकिंग संपलं की सगळं उतरवू." मॅडमनी चष्मा परत चढवला. "आणि शेठ, बेडरूममधला पलंग बदललात का? आता चांगला मोठा दिसतो."

पलंग बदलला नव्हता.

६

रविवारी दुपारी ते घरी होते. एक वाजला, दोन वाजले. भांड्यांचे आवाज आले आणि थांबले. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "वाढतेस ना?"

बायको ओटा पुसत होती. ती थांबली. "जेवलात की मघाशी," ती म्हणाली. "दोनदा भात घेतलात."

तीन ताटं धुवून उपडी घातलेली होती. पाऊणशेठनी स्वतःच्या पोटाचा अंदाज घेतला. भूक नव्हती. आत काहीच नव्हतं, ना भूक, ना जेवण. आपण जेवलो असू, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटू शकतं याचीच त्यांना किंचित भीती वाटली. ती भीतीही फार वेळ टिकली नाही.

"तू माझ्यावर रागावलीयस का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. उलट." ती हसली. तिचं हसणं त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि हसताना ती त्यांच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होती. "हल्ली तुम्ही किती बोलता माझ्याशी. मला वाटायचं, यांच्या मनात काही येतं की नाही. असे पायांच्या आवाजाबद्दल वगैरे बोलाल असं कधी वाटलं नव्हतं मला."

तेव्हा ते म्हणू शकले असते, की तो मी नव्हे, पण ते माझंच आहे. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती इतकी सुखात दिसत होती, की तिचा गैरसमज दूर करणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं. 'बरं,' म्हणून ते आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

पाय पलंगाबाहेर गेले. पोटऱ्यांपर्यंत.

नऊ वर्षं ते त्या पलंगावर झोपत होते. ते उठले, टेप काढली, मोजलं. सव्वासहा फूट, पहिल्यापासून होता तेवढाच. मग त्यांनी भिंतीशी उभं राहून, डोक्यावर पेन्सिल धरून खूण केली आणि स्वतःला मोजलं. पाच फूट सात. तेही होते तेवढेच. आकडे बरोबर होते. ते परत आडवे झाले, आणि पाय पुन्हा बाहेर लोंबायला लागले. बाहेरच्या खोलीत बिट्टी कुणाशी तरी बोलत होती आणि मधे मधे थांबून ऐकत होती. ती फोनवर असेल, असं म्हणून त्यांनी पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले.

७

बुधवारी त्यांनी ठरवलं की फोटो आपणच काढायचा. मॅडमना काय बोलायचं ते नंतर बघू.

जेवणाची सुट्टी होती. विक्रीच्या मुली बाहेर गेल्या होत्या, वॉचमन खुर्चीत पेंगत होता. शेडवर ऊन तापलं होतं आणि पत्रा मधूनच कडकन वाजत होता. पाऊणशेठनी कुलूप काढलं. दिवे त्यांच्याआधीच लागलेले होते, तळ्यावर सकाळ झालेली होती. कॉफीचा वास होता. डब्यातला नव्हे. त्या वासाला थोडा जळकटपणा होता, दूध उतू गेल्यावर येतो तसा.

ते फ्रेमपाशी गेले. ती उतरवून काच पुसली, मागचे खिळे वाकवले, आणि मग आतून पाणी वाहायला लागल्याचा आवाज आला.

नळ कुणीतरी सोडला होता. पाणी बेसिनमध्ये पडत होतं, हातांवरून ओघळत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. मग नळ बंद झाला. टॉवेल झटकल्याचा आवाज आला. एक पुरुष गुणगुणत होता, चालीला धरून नव्हे, आपल्याच तंद्रीत.

पळायला हवं, किंवा ओरडायला हवं, असं पाऊणशेठना समजत होतं. ते दोन पावलं पुढे गेले, एवढंच. चौकटीला दार नव्हतं म्हणून बेडरूम अर्धी दिसली. आरशाच्या कडेला एक पाठ होती. शर्ट चढवणारी, घाई नसलेली पाठ. हात बाहीत गेला आणि कोपर क्षणभर बाहेर आलं. पलंगावरची चादर नुकत्याच उठलेल्या माणसाची होती. आणि ती खोली, जिच्यातली फळी न् फळी त्यांनी कमी मापाची कापली होती, ती त्या पाठीभोवती छोटी दिसत नव्हती. पलंग नीट मोठा होता. कपाटात कपडे मावले होते. खिडकीपाशी पडदा हलत होता.

त्यांनी चौकटीला हात लावला. चौकट त्यांच्या डोक्याच्या वर बरीच उंच होती, आणि त्यांना आठवत होतं की रोज इथून जाताना ते मान वाकवत.

"कॉफी निवतेय हं," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. त्यांच्याच बायकोचा. या आवाजात तिनं त्यांना हाक मारल्याला किती वर्षं झाली असतील, ते त्यांना मोजता आलं नाही.

"आलो," आतून तो म्हणाला.

मग पावलं धावत आली, आणि बिट्टी हॉलमध्ये येऊन थांबली. शाळेचा गणवेश, एकच वेणी घातलेली, दुसरी घालायची राहिलेली. तिनं पाऊणशेठकडे बघितलं. ती घाबरली नाही. अनोळखी माणसाशी नीट बोलायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला कोण हवंय? बाबांना बोलावू का?"

पाऊणशेठ तिच्याकडे बघत राहिले. कुठलाही बाप या क्षणी काय करेल हे त्यांना ठाऊक होतं. तिला उचलायचं, छातीशी धरायचं, तिच्या नावानं हाका मारत उन्हात बाहेर पडायचं. त्यासाठी जे लागतं ते त्यांनी स्वतःच्या आत शोधलं, सगळीकडे शोधलं. फार दुःख व्हायला हवं होतं. पण ते दुःख दुसऱ्याच कुणाच्या घरी झाल्यासारखं लांब होतं.

"नको," ते म्हणाले. "त्यांना कशाला त्रास. मी नुसता बघायला आलोय."

"मग बघा ना." बिट्टी शहाण्या मुलीसारखी बाजूला सरकली आणि त्यांना वाट करून दिली. "पुष्कळ लोक येतात बघायला."

त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि आत जाऊन सगळं घर बघितलं. छान होतं.